बेकारी भत्ता : कोणाला, किती आणि कुठून?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हातावर पोट असलेल्यांपासून कंपनीतल्या कायम कामगारांपर्यंत अनेकांचा रोजगार गेला. मदतीच्या घोषणा झाल्या, पण कोणती मदत कोणाला, यावरून गोंधळच जास्त उडाला.

गैरसमज : खासगी नोकरी गेली तर सरकार काहीच देत नाही.
वस्तुस्थिती : पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल, तर २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. तिच्यात सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. कोरोनाकाळात ती ५० टक्के झाली. म्हणजे सरासरी दिवसाला ४०० रुपये पडत असतील, तर २०० रुपयांप्रमाणे ९० दिवसांचे १८,००० रुपये. अट अशी, की किमान दोन वर्षे विमा असावा आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना किंवा निवृत्तांना हा लाभ नाही.

गैरसमज : मालकाची सही नसेल तर अर्ज फुकट.
वस्तुस्थिती : आधी या योजनेचा अर्ज मालकामार्फतच जाई. ऑगस्ट २०२० मध्ये ही अट काढली. आधार, पासबुकची प्रत आणि प्रतिज्ञापत्र घेऊन कामगार थेट ईएसआयच्या शाखेत अर्ज देऊ लागला. नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावे लागे, ते ३० दिवसांवर आले.

गैरसमज : पीएफमधून मिळालेले पैसे ही सरकारी मदत होती.
वस्तुस्थिती : ते आपलेच पैसे. शिलकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती काढता येई. खात्यात ६०,००० आणि मूळ वेतन व भत्ता मिळून महिना १०,००० असेल, तर हाती पडत ३०,०००. परतफेड नव्हती, पण म्हातारपणाची पुंजी तेवढी घटली.

गैरसमज : जनधनचे ५०० रुपये लगेच काढले नाहीत तर परत जातात.
वस्तुस्थिती : ही निव्वळ अफवा होती, तिच्यापायी बँकांसमोर रांगा लागल्या. एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने ही रक्कम फक्त महिला खातेदारांना मिळाली. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार तारखा दिल्या होत्या : ० किंवा १ असेल तर ३ एप्रिल, २ किंवा ३ असेल तर ४ एप्रिल. पैसे नंतर कधीही काढता येत होते.

गैरसमज : एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेले दीड हजार रुपये महाराष्ट्रातल्या प्रत्येक बांधकाम मजुरासाठी होते.
वस्तुस्थिती : बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्यांसाठीच होते. हे मंडळ बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरावर चालते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. पण नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या मजुराला तो दाखला देणार कोण?

गैरसमज : रोजगार हमीत काम मिळाले तरच पैसे.
वस्तुस्थिती : मनरेगाच्या कायद्यानुसार मागणी केल्यावर १५ दिवसांत काम दिले नाही, तर बेकारी भत्ता देणे राज्यावर बंधनकारक होते : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात मजुरी २३८ रुपये होती, म्हणजे भत्ता सुरुवातीला दिवसाला साधारण ६० रुपये. मात्र पोच न घेतलेल्या तोंडी मागणीचा उपयोग नव्हता. तारीख घातलेली पोच हाच पुरावा.

थोडक्यात, बेकार झालेल्या प्रत्येकाला लागू होईल असा एकच भत्ता त्या काळात देशात नव्हता. गरज सर्वांची होती, पण पैसे मिळाले ते ज्याचे नाव आधीच कुठल्या तरी यादीत होते त्याला. म्हणून ईएसआय क्रमांक, मंडळाची नोंदणी आणि रोजगार हमीचे कार्ड हाताला काम असतानाच तपासून घ्यावे.