खिडकीवरची पाटी

कचेरीत तासभर रांगेत उभे राहावे, आपला नंबर यावा आणि आतून आवाज यावा, ‘ही खिडकी नव्हे, पलीकडची!’ हा अनुभव ज्याने घेतला नाही, असा माणूस विरळाच. खिडकीवर पाटी असते. पण ती लिहिणाऱ्याला आतला कारभार पाठ असतो. त्यामुळे आपल्याला जे हवे, नेमके तेच तिच्यावर लिहायचे राहून जाते.

आता आपल्या वतीने रांगेत यंत्र उभे राहू लागले आहे. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. संगणकातला एआय एजंट त्याच जातकुळीचा. आपण काम सांगायचे, त्याने चार ठिकाणी जाऊन ते करून आणायचे. तो ज्या खिडक्यांवर जातो, त्यांना एपीआय म्हणतात. एकीवर बाजारभाव मिळतो, दुसरीवर हवामान, तिसरीवर जमिनीची नोंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने एजंट आणि या खिडक्या जोडण्याची एक खुली पद्धत जाहीर केली. तीतही प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा तपशील जोडलेला असतो. तीच ही पाटी. एजंट खिडकीच्या आत डोकावत नाही. पाटी वाचतो आणि ठरवतो.

पाटी अपुरी असेल तर काय होते, हे पाहायला सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याला जाऊ. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याने मोबाइलवर विचारले, ‘नंदुरबारला मिरचीचा आजचा भाव काय?’ खिडकीवर पाटी आहे, ‘बाजारभाव मिळेल.’ पण नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरचीही विकली जाते आणि पथारीवर वाळवलेलीही. वाळताना पाणी उडते, वजन घटते, क्विंटलचा भाव चढतो. एजंटने सुक्या मिरचीचा भाव सांगितला आणि या गृहस्थाने ओल्या मिरचीने टेम्पो भरला, तर तळोद्यामार्गे नंदुरबार गाठेपर्यंत मनात केलेला सारा हिशेब बाजारात कोसळणार. भाडे मात्र द्यावेच लागणार.

नावांचीही हीच गत. शेजारच्या तालुक्याचे नाव अक्राणी, पण त्याचे मुख्य ठिकाण धडगाव. माणसे तालुक्यालाही सर्रास धडगावच म्हणतात. खिडकी ‘अक्राणी’ एवढेच ओळखत असेल, तर धडगावचे नाव घेऊन गेलेला एजंट रिकाम्या हाताने परत येईल. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी अक्कलकुवा धुळे जिल्ह्यात होते. जुना कागद शोधताना हे पाटीवर नसेल, तर नोंद असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळेल. आणि बाजार बंद असलेल्या दिवशी खिडकीने नुसते शून्य दिले, तर यंत्र निर्विकारपणे सांगेल, ‘आज भाव शून्य रुपये!’

मग पाटी कशी असावी? अशी:

‘बाजार समितीतील शेतमालाचा एका दिवसाचा भाव. रुपये, दर क्विंटलला. मिरचीसाठी ओली की सुकी हे सांगणे आवश्यक. माहीत नसल्यास आधी शेतकऱ्याला विचारा. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. त्या दिवशी व्यवहार झाला नसेल तर “नोंद नाही” असे उत्तर येईल. तो शून्य भाव समजू नये. हवामान किंवा पुढील भावाचा अंदाज येथे मिळत नाही.’

यात पांडित्य काहीच नाही. काय मिळते, काय मिळत नाही, काय द्यावे लागते, अडल्यास काय करावे, एवढेच आहे. एखाद्या खिडकीवर अर्ज दाखल किंवा रद्द होत असेल, तर ‘आधी मालकाची संमती घ्या’ हेही ठळकपणे लिहावे. झालेला भाव पुन्हा विचारता येतो. रद्द झालेला अर्ज परत उभा करायला हेलपाटे पडतात.

२०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने शेतकऱ्यांना मराठीत सल्ला देणारे ‘महाविस्तार’ हे एआय ॲप आणले. असे मदतनीस आता वाढतच जातील. त्यातल्या कोणाचेही उत्तर त्याच्यामागच्या पाट्यांइतकेच खरे असणार. म्हणून पाटी लिहिणाऱ्या संगणकतज्ज्ञाने ती मोलगीच्या किंवा खापरच्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला वाचून दाखवावी आणि विचारावे, ‘तुझे वडील हा प्रश्न कसा विचारतील?’ ती पहिल्याच ओळीला थांबवून म्हणेल, ‘मिरची कोणती, ते आधी लिहा.’

आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही, ते परक्याला ठाऊक नसते. यंत्र कितीही हुशार असले, तरी आपल्या गावात ते परकेच आहे. आणि पाटीवर राहून गेलेल्या शब्दाची किंमत पाटी लिहिणारा मोजत नाही. ती मोजतो टेम्पो भरून निघालेला माणूस.