खूण प्रत्येक सुरापाशी

की सिग्नेचर नसणं आणि सी मेजर असणं, कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. क्लेफच्या पुढे कोरी जागा, ना शार्प ना फ्लॅट. अटोनल रचनेची प्रत संगणकावर उतरवताना मला पहिला निर्णय या कोऱ्या जागेबद्दलच घ्यावा लागतो. सी मेजर तसंच ठेवलं तर पियानोच्या ओळीत काही बिघडत नाही. पण बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट वेगळा काढला की त्यावर दोन शार्प येऊन बसतात. हे वाद्य लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतं, त्यामुळे आपलं सी मेजर त्याच्यासाठी डी मेजर होतं. ज्या संगीतात षड्जच ठरलेला नाही, त्याच्या वादकाला आपण विनाकारण षड्ज देऊन बसतो. म्हणून म्युझस्कोअर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये आधी अटोनलचा पर्याय निवडायचा, मगच पहिला स्वर लिहायचा.

की सिग्नेचर सोडून देण्याचं वळण आर्नोल्ड शोनबर्गच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये डोळ्यांनी पाहता येतं. १९०८ सालच्या या रचनेच्या पहिल्या तीन भागांना की सिग्नेचर आहे, चौथ्याला नाही. आणि तरीही तो भाग अखेर एफ शार्प मेजरवर येऊन थांबतो. सिग्नेचर गेली की तिचं सगळं ओझं एकेका स्वरावर येतं. भातखंडे पद्धतीची क्रमिक पुस्तकं वापरलेल्यांना हे परकं वाटणार नाही. तिथेही राग कोणताही असो, कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ दर वेळी नव्याने येते.

नेहमीच्या पाश्चात्त्य लिपीत मात्र एकदा लिहिलेला शार्प तो बार संपेपर्यंत, त्याच सप्तकातल्या त्या स्वराला लागू राहतो. अटोनल संगीतात याच नियमाने घोळ होतो. बाराही स्वर फिरत असताना बारच्या सुरुवातीचा शार्प शेवटपर्यंत लक्षात ठेवणं कठीण, कारण चूक झाली तर कानाला सावध करणारी ओळखीची चाल नसते. म्हणून अनेक रचनाकार वेगळा नियम घेतात: खूण फक्त ज्या स्वरापुढे आहे त्याच स्वराची. हा नियम पहिल्या पानावर स्पष्ट लिहायलाच हवा. लिहूनही तो पुरत नाही, असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं जुन्या नियमाने वाचत आलेला वादक वेगवान ओळीत सवयीनेच वाजवणार. त्याच्यासाठी नॅचरलची खूणही घालावी. वेबर्नच्या १९३६ सालच्या पियानो व्हेरिएशन्स, ओपस २७, याच टोकाला जातात. तिथे पांढऱ्या पट्टीच्या स्वरालाही नॅचरल आहे. पान दाट होतं, पण शंकेला जागा राहत नाही.

यापेक्षा जास्त वेळ जातो तो काळ्या पट्टीला कोणत्या नावाने हाक मारायची, हे ठरवण्यात. सीनंतर येणारा स्वर डी शार्प लिहिला तर तो लगतच्या जागी दिसतो, आणि डोळा शेजारच्या सुराची तयारी करतो. वाजतो मात्र मायनर थर्ड. तोच ई फ्लॅट लिहिला की अंतर जसं ऐकू येतं तसं दिसतं. पण पुढचा स्वर ई नॅचरल असेल तर? मग एकाच जागी आधी फ्लॅट, लगेच नॅचरल. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते, त्यामुळे पुढचे-मागचे चार स्वर पाहिल्याशिवाय मी नाव पक्कं करत नाही. एकत्र वाजणाऱ्या स्वरांत तर एफ आणि एफ शार्प एकाच रेघेवर आदळतात. तिथे दुसऱ्याला जी फ्लॅट केलं की दोघे शेजारी सुटे वाचता येतात. तीन स्वर दाटीने आले की खुणाही रांगेत मावत नाहीत. सहसा वरच्या स्वराची खूण स्वराला चिकटून, खालच्याची तिच्या डावीकडे आणि मधल्याची सर्वांत डावीकडे जाते.

हार्पपाशी मात्र डोळ्यांची सोय मागे पडते. हार्पला सात पेडल असतात, सात स्वरनावांसाठी एकेक, आणि प्रत्येकाच्या तीन जागा: फ्लॅट, नॅचरल, शार्प. एफचं पेडल शार्पवर नेलं की सगळ्या सप्तकांतले एफ शार्प होतात. म्हणजे एफची तार नॅचरलवर ठेवून त्याच वेळी एफ शार्पही हवा असेल तर तो जीच्या तारेवरून, जी फ्लॅट म्हणूनच मिळणार, आणि तोवर जी नॅचरल उपलब्ध नसणार. इथे चुकीचं नाव म्हणजे न वाजणारा स्वर. अशा जागी मी थांबते आणि रचनाकाराला विचारते.

पार्ट काढल्यावर अजून एक फेरी उरते. स्कोअरमधला ए शार्प क्लॅरिनेटच्या पार्टमध्ये बी शार्प होतो, अल्टो सॅक्सोफोनच्या पार्टमध्ये थेट एफ डबल शार्प. गणित बरोबर आहे, पण ज्या संगीतात षड्जाचं नातंच उरलेलं नाही तिथे डबल शार्प वाचायला लावणं हा वादकावर अन्याय आहे. एकेक स्वर निवडून मी पहिल्याचा सी करते, दुसऱ्याचा जी. हे बदल फक्त पार्टमध्ये करायचे. स्कोअरमधली नावं रचनाकाराने लिहिलेली असतात, ती त्याला विचारल्याशिवाय बदलायची नाहीत.