तेलविहिरीपासून चुलीपर्यंत

ज्याच्या दारी मोटार नाही, त्याने पेट्रोलच्या दराची चिंता का करावी? हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु इंधनाचा पैसा केवळ पंपावरच खर्च होतो, असे नाही. भाजीच्या जुडीत, धान्याच्या पोत्यात आणि बसच्या तिकिटातही तो लपलेला असतो. तो तेथवर कसा पोहोचतो, हे आपण पाहू.

१९७४ साली मुंबईनजीकच्या समुद्रात तेल सापडले; परंतु तेवढ्याने देशाची गरज भागत नाही. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शंभरातील पंच्याऐंशीहून अधिक भाग परदेशांतून येतो. त्याचा भाव पिंपावर, म्हणजे सुमारे १५९ लिटरांच्या मापावर, ठरतो आणि तो बहुधा डॉलरमध्ये चुकता करावा लागतो. म्हणून दूर कोठे युद्ध पेटले, किंवा रुपयाचे मोल घटले, की आपल्याकडे तेल महागते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पुढच्याच महिन्यात पिंपाचा भाव १२० डॉलरांच्या वर गेला.

छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर आहे. मुंबईत शुद्ध झालेले तेल नळवाटेने मनमाडजवळच्या पानेवाडीस येते. तेथून शहरापर्यंतचा शंभराहून अधिक किलोमीटरांचा पल्ला टँकर तोडतात. वाहतुकीचा खर्च, केंद्र व राज्य सरकारांचे कर आणि पंपचालकाचा मोबदला ही सारी मूळ किमतीत मिळतात. करांच्या पैशातून लोकोपयोगी कामे होतात, हे खरे. पण भाव अतोनात चढले की करांचा भारही हलका करावा लागतो. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी व डिझेलवरील ६ रुपयांनी उतरवले. जुलैमध्ये राज्यानेही अनुक्रमे ५ व ३ रुपयांची सूट दिली.

आता थोडे गणित करू. समजा, वाळूजच्या कारखान्यातील एक कामगार पंचवीस किलोमीटरांवरील खेड्यातून रोज मोटारसायकलने कामावर येतो. जाऊन येऊन पन्नास किलोमीटर झाले. गाडी एका लिटरात पन्नास किलोमीटर चालते असे धरल्यास, महिन्याच्या सव्वीस दिवसांना सव्वीस लिटर पेट्रोल लागेल. दर लिटरमागे दहा रुपयांनी वाढला, तर महिन्याचा खर्च २६० रुपयांनी वाढेल. वेतन मात्र तेवढेच राहील. कामावर जाणे टाळता येत नाही. मग हे २६० रुपये कोठून येणार? ते मुलांच्या दुधातून, फळांतून, कधी वह्या-पुस्तकांतून काढावे लागतात. श्रीमंताला व गरिबाला दर एकच. पण श्रीमंताची थोडी शिल्लक घटते, तर गरिबाच्या ताटातला घास कमी होतो.

भाजीचेही तसेच. शेत नांगरणारा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. माल जाधववाडीच्या बाजारात आणणारा टेम्पो डिझेलवर चालतो, आणि तेथून तो दुकानोदुकानी पोहोचतो तोही वाहनानेच. प्रत्येक टप्प्यावर किंमत थोडीच वाढते. परंतु थेंबे थेंबे तळे साचते, आणि ते भरावे लागते शेवटच्या गिऱ्हाइकाला. शेतकऱ्याच्या हाती त्यातले काही येतेच असे नाही. उलट त्याचा मशागतीचा खर्च तेवढा वाढतो.

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट याहून जिव्हाळ्याची आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि देशाला लागणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे कोट्यवधी गरीब घरांत शेगडी आली. परंतु सिलिंडर महागले की ते पुन्हा भरून आणताना हात आखडतो आणि कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते. तिच्या धुराने आईचे डोळे चुरचुरतात, छातीला अपाय होतो. सरपण गोळा करण्याचे काम पुष्कळदा घरातल्या मुलीकडे येते आणि तिचा अभ्यासाचा वेळ रानात जातो. ही हानी रुपयांत मोजता येत नाही.

तेलाचा भाव ठरविणे आपल्या हाती नाही. त्याचा वापर मात्र आहे. जवळच्या कामाला सायकल, दूरच्या प्रवासाला बस आणि शिजत्या भांड्यावर झाकण, इतके तर कोणत्याही घराला साधेल. इंधन राखणे म्हणजे केवळ पैसा वाचविणे नव्हे. कोणाच्या तरी वाटीतले दूध आणि कोणाच्या तरी हातातले पुस्तक राखणे होय.