वाडी गुंठ्यात, भरपाई हेक्टरात! 'डिझाइन थिंकिंग' म्हणजे नेमकं काय?

दिवेआगर (ता. श्रीवर्धन) : ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधली नारळ-सुपारीची झाडं आडवी झाली. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. ऐकायला रक्कम मोठी. पण इथे हेक्टरभर वाडी आहे किती जणांची? पाच गुंठेवाल्याच्या हाती या हिशोबाने जेमतेम अडीच हजार येतात. एवढ्यात पडलेली झाडं तोडून वाडी साफसुद्धा होत नाही. ओरड झाल्यावर मोजमाप बदललं. नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये ठरले. रक्कम तरीही तुटपुंजीच, पण मोजायची पट्टी निदान वाडीच्या मापाची झाली.

हल्ली गरिबी हटवायच्या कार्यक्रमांत 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द कानावर येतो, तो याच गोष्टीबद्दल आहे. ज्याची अडचण त्याच्या दारात जाऊन बघायचं, गाडी नेमकी कुठे अडते ते ओळखायचं, स्वस्तातला उपाय करून बघायचा आणि वापरणारा काय म्हणतो त्यावरून तो बदलायचा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे करून दाखवलं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला श्वास किती यावरून कळतं. पण गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया.

आता दिवेआगरचं बघा. सुपारीचं रोप लावल्यावर उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं जातात. नुसती रोपं वाटली, तर तोवर घर कशावर चालायचं? मधे केळी लावा, मिरीचे वेल चढवा, असं सांगणं सोपं आहे. पण मुलगा मुंबईला आणि घरात दोन म्हातारी माणसं असतील, तर पाणी कोण देणार, माल कोण उतरवणार, हे आधी विचारायला हवं.

बचत गटांनाही हेच लागू आहे. पॅकिंग मशीनसाठी कर्ज काढायच्या आधी एका शनिवार-रविवारी आमसुलं, कुळीथ पीठ अशी वीस पाकिटं घरीच भरून पर्यटकांना विकून बघावीत. काय उरलं, कोण काय बोललं, ते वहीत लिहावं. फसलंच, तर वीस पाकिटांचंच नुकसान.