तंबू उठला की मूल हरवते

१ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कसचालकांचे अपील फेटाळले. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि लोकांपुढे नाचवण्यावर केंद्र सरकारने घातलेली बंदी कायम राहिली. पिंजऱ्यातल्या जनावरांचे हाल हा कायद्याचा विषय आहे, हे देशाने त्या दिवशी मान्य केले. त्याच तंबूत, त्याच पिंजऱ्यांच्या मागच्या राहुट्यांत राहणाऱ्या मुलांबद्दल न्यायालयाचा आदेश यायला १८ एप्रिल २०११ उजाडावे लागले. जनावरांना मिळालेला न्याय योग्यच होता. पण मधल्या दहा वर्षांत झोपाळ्यावरून झोपाळ्यावर फेकल्या गेलेल्या मुलींचे बालपण कोणी परत देऊ शकत नाही.

ज्या याचिकेवर हा आदेश आला, ती ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेने २००६ मध्ये दाखल केली होती. न्या. दलवीर भंडारी आणि न्या. ए. के. पटनाईक यांच्या निकालात सर्कशीतल्या मुलांचा दिवस वाचायला मिळतो. पहाटे शिव्या आणि मार खात सरावाला उभे राहायचे, खायला चहा आणि दोन बिस्किटे. मग दिवसभराचे खेळ, प्रेक्षकांतून येणारे अश्लील शेरे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास राहुटीकडे परतणे. यातल्या बऱ्याच मुली नेपाळच्या होत्या. दलाल गावात येई, मुलीला शिक्षण मिळेल, पगार मिळेल, जग बघायला मिळेल असे सांगे, आई-वडिलांच्या हातावर थोडे पैसे ठेवी आणि कित्येक वर्षांच्या करारावर त्यांचा अंगठा घेई. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नसे. पुढे आई-वडील भेटायला आले तर मूल दाखवलेही जात नसे.

१५ जून २००४ रोजी उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात, कर्नैलगंज येथे मुक्काम असलेल्या ग्रेट रोमन सर्कशीतून अशा मुलींना सोडवायला कैलाश सत्यार्थी आणि त्यांचे सहकारी गेले. सोबत मुलींचे पालकही होते. तिथे त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, याच सत्यार्थींना शांततेचे नोबेल मिळाले. मला मात्र त्या घटनेत पालकांचे तिथवर येणे जास्त महत्त्वाचे वाटते. नेपाळच्या डोंगरातला एक गरीब बाप आपली मुलगी शोधत परक्या देशातल्या एका तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट सोपी नव्हे. कारण सर्कस थांबत नाही. बाप पत्ता काढून येईपर्यंत खांब उपटलेले असतात आणि मैदानावर फक्त भुसा उरलेला असतो.

फिरत्या खेळाच्या धंद्यातल्या लबाड मालकाचे खरे बळ चाबकात नसते, ते या फिरण्यात असते. तक्रार एका ठाण्यात, मालकाचे घर दुसऱ्या राज्यात, दलाल तिसरीकडे आणि मूल दर पंधरवड्याला नव्या गावात. आपली सगळी यंत्रणा, म्हणजे पोलीस ठाणे, कामगार अधिकारी, बालकल्याण समिती, शाळेचा पट, हद्दीला बांधलेली आहे. तंबू हद्द ओलांडतो आणि मूल कोणाचेच उरत नाही.

दुसरे बळ उचलीचे. ऊसतोड आणि वीटभट्टी यांमुळे महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पैसे आधी घेतलेले असतात, म्हणून काम कितीही झाले तरी देणे फिटत नाही. मुलाच्या बाबतीत उचल आई-बाप घेतात आणि फेडतो तो मुलगा, ज्याने ती मागितलीही नव्हती. हे नवे नाही. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने मुलांना असे तारण ठेवण्याच्या प्रथेवर बोट ठेवले आणि १९३३ मध्ये कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम पैशाच्या मोबदल्यात बांधून देणारा करार बेकायदा ठरला. बापाला दंड ५० रुपयांपर्यंत आणि असे मूल कामाला ठेवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत. मुलाला वाजवी मजुरी असेल आणि आठवडाभराच्या सूचनेत काम सोडता येत असेल तरच करार चालेल, अशी त्यात सोय होती. सर्कशीतले अनेक वर्षांचे करार या कसोटीवर एक दिवसही टिकले नसते. पण ती लावायला राहुटीपर्यंत जाणार कोण?

इंग्रजांनी स्वतःच्या देशात १८७९ मध्येच चौदा वर्षांखालील मुलांच्या धोकादायक कसरतींवर बंदी घालणारा कायदा केला होता. त्याच सुमारास इटालियन किआरिनीची सर्कस मुंबईत आली. ती पाहून कुरुंदवाड संस्थानच्या पदरी असलेले विष्णुपंत छत्रे ईर्षेला पेटले आणि १८८० मध्ये मुंबईत त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. हिंदुस्थानी सर्कशीचा जन्म हा असा मराठी माणसाच्या हातून झाला. मुलांसाठीचा तो विलायती कायदा मात्र समुद्र ओलांडून इथे आला नाही.

म्हणून सर्कस म्हणजे छळछावणी, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले, पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात बिबटे खेळवून जगभर नावाजले. आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र याला ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास केला आणि मुलगी मंदाकिनीला ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण. चित्रीकरणाच्या वेळी भालचंद्र पडून बेशुद्ध झाला, तेव्हा फाळक्यांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. जीव लावणाऱ्या बापाच्या हातूनही असे होते. मग ज्याला मुलाशी काहीच नाते नाही, त्याच्या हाती मूल असताना कायद्याची नजर तिथे नको का? मूल खेळ करते की नाही, हा प्रश्नच नाही. पैसा कोणाच्या हाती पडतो, शाळा आहे का आणि नको म्हटल्यावर मुलाला घरी जाता येते का, हे विचारायचे आहे.

तंबू आणि झोपाळा काढून टाकला तरी हाच सापळा उभा राहतो, हे नाशिक जिल्ह्याने २०२२ मध्ये पाहिले. इगतपुरी तालुक्यात, घोटीच्या परिसरातल्या कातकरी वस्त्यांवरची लहान मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या काही मेंढपाळांनी मेंढ्या राखायला नेली होती. बदल्यात वर्षाला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देण्याचा तोंडी करार. ऑगस्टच्या अखेरीस त्यातली एक मुलगी मरणासन्न अवस्थेत घरी आणून टाकली गेली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने नाशिकच्या दवाखान्यात प्राण सोडला. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरल्यावर वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले, एकामागून एक मुले परत आणली गेली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली.

कातकरी ही राज्यातल्या कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबतची विशेष असुरक्षित आदिम जमात. कसायला बहुतेकांकडे जमीन नाही, वर्षाचा मोठा भाग कोळशाच्या वा वीटभट्टीवर, आणि पावसाळ्यात घरात दाणा नसतो. उचल नेमकी त्याच वेळी दारात येते. मेंढपाळही फिरस्ता, कळप आज एका शिवारात, उद्या दुसऱ्या. त्यामुळे मूल कुठे आहे हे आई-बापांना माहीत नसे. सगळ्या मेंढपाळांना यासाठी दोषी धरणे चूक ठरेल, ते स्वतःही उपेक्षितच आहेत. पण मांडणी सर्कशीचीच होती: गरजेच्या वेळचा पैसा, तोंडी शब्द आणि सतत हलणारा मुक्काम.

आपला कायदा मात्र अनेकदा चुकीच्या माणसाच्या मागे लागतो. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे या निमित्तानेही लोकांकडून पैसे घेणे म्हणजे भीक. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आणि खाली ढोलकी वाजवणारी तिची आई, दोघीही या व्याख्येत बसतात. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे, पण रस्त्यावर सापडते ती आई. ज्या समाजांना गुन्हेगार जमात म्हणून १९५२ पर्यंत ठाण्यात हजेरी द्यावी लागली, त्यांना पोलिसाची गाडी दिसली की पळावेसे वाटते. त्या आईला पकडून मूल सुधारगृहात टाकणे म्हणजे सुटका नव्हे. मुलांची टोळी पोसणारा त्या वेळी दुसऱ्या चौकात असतो.

२०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आली, दोन अपवाद ठेवून. एक, चित्रपट, मालिका, जाहिरात अशा क्षेत्रांतला बालकलाकार. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, सलग तीन तासांहून अधिक काम नाही आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. या अपवादातून सर्कस नाव घेऊन वगळली आहे. २०११ च्या निकालाचे हे खरे फळ.

दुसरा अपवाद कुटुंबाच्या व्यवसायाचा, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. इथे कुटुंबात आई-वडील आणि भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही धरले आहेत. फिरत्या खेळात सोबतच्या पोराला भाचा म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि ‘शाळा सुटल्यावर’ या शब्दांना दर आठवड्याला गाव बदलणाऱ्या मुलाच्या बाबतीत काय अर्थ उरतो? शिक्षण हक्क कायद्याने कुठल्याही शाळेत जाण्याची मुभा दिली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची कल्पना राज्यात राबवली गेली. पण पत्रक दाखवायला मुलाला शाळेच्या दारात नेणारा हात लागतो, आणि मुलाच्या कसरतीवर जगणारा मालक तो हात कधीच होणार नाही.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. रामकुंड, तपोवन, कुशावर्ताच्या वाटा महिनोन्महिने माणसांनी भरलेल्या असतील. खेळवाले, पाळणेवाले, मौत का कुआँवाले येतील. त्यांतले बहुतेक पोटासाठी प्रामाणिकपणे राबणारे असतील, आणि त्यांच्या गर्दीत मुले घेऊन फिरणारा एखादा लबाडही मिसळेल. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे अधिकार पोलीस कायद्याने प्रशासनाकडे आधीपासून आहेत. त्या परवान्यासोबत तंबूतल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, मूळ गाव आणि पालकांचा फोन नंबर लिहून घ्यावा. मुक्काम हलला की ती यादी पुढच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे पाठवावी. यादीतले मूल पुढच्या मुक्कामावर दिसले नाही, तर मालकाने त्याच दिवशी उत्तर द्यावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक तंबूच्या आतल्या बाजूला, जिथे मुले कपडे बदलतात तिथे, मराठी, हिंदी आणि नेपाळीत लिहिलेला असावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. सिंहस्थाची तयारी सुरू झाली आहे, त्यात हे काम एका अधिकाऱ्याच्या नावावर आजच टाकता येईल.