मोराचं चित्र आणि मोराचं कापड

"मॅडम, आता एआय दोन मिनिटांत डिझाइन काढून देतं. मग पोरींना ते ग्राफचे चौकोन भरायला का बसवता?"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं याचा हिशेब सोडून दिलाय. कळवा स्टेशनच्या पुलावर एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी ऐकवलं. स्टाफरूममध्ये संगणक शिकवणाऱ्या सरांनी ऐकवलं. खारेगावात सोसायटीच्या गणपतीत तर आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत शेजारच्या काकांनी ऐकवलं. सगळ्यांचा सूर एकच, की बिचारी बाई अजून पेन्सिलीतच अडकली आहे. मी वस्त्रशास्त्र शिकवते. मुली कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीहून येतात, एखाददुसरी भिवंडीहून. पुलावर उभं राहून, धीमी लोकल येईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं त्या वडिलांना सांगितलं. राहिलेलं इथे सांगते.

एआय काढून देतं ते चित्र. विणकामात ज्याला डिझाइन म्हणतात ते नव्हे. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या सोबतचा मजकूर यांवरून शिकलेलं हे यंत्र रंगांचे ठिपके असे मांडतं, की बघणाऱ्याला ते कापड वाटावं. धागा नावाची वस्तू त्याच्या खिजगणतीतही नसते. कापड मात्र धाग्यांखेरीज दुसऱ्या कशाचंच नसतं. उभा धागा, आडवा धागा, आणि जिथे जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे एकच प्रश्न: वर कोण?

आता हिशेब करू. साधा ४८० हुकांचा जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी उभे धागे हुकांनी उचलणारं यंत्र, घ्या; एका हुकाला नक्षीतला एक उभा धागा. कापडात इंचाला ८० उभे धागे असतील, तर नक्षीची रुंदी ६ इंचांतच बसवावी लागते, त्यानंतर तीच नक्षी पुन्हा सुरू होते. इंचाला ६० आडवे धागे धरले, तर ६ इंच उंचीला ३६० होतात. ४८० गुणिले ३६०, म्हणजे १,७२,८०० छेद. प्रत्येक छेदाला वर कोण, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ग्राफवरचा चौकोन म्हणजे तो एक छेद. शिवाय इंचातले उभे आणि आडवे धागे सारखे नाहीत, म्हणून ग्राफही ८ ला ६ या प्रमाणातला लागतो. चौरस चौकटींच्या ग्राफवर मोर काढलात, तर मागावर तो ताणून लांबट झालेला बाहेर येईल.

आणि समजा, एआयच्या चित्रात एक इंच रुंदीची सुरेख सपाट केशरी पाकळी आहे. तो केशरी आडवा धागा पृष्ठभागावर नुसता सोडून दिला, तर ८० उभ्या धाग्यांवरून तो मोकळा तरंगत जाईल. पहिल्याच दिवशी बांगडीत अडकून ओढला जाणार. म्हणून त्या पाकळीच्या आत मध्येमध्ये टाके देऊन तो बांधावा लागतो, साटिनमध्ये बांधायचा की ट्विलमध्ये ते ठरवावं लागतं, आणि त्या निर्णयाने पाकळीची चमक बदलते. चित्रात हा निर्णय कुठेच नसतो.

"पण ते चौकोन सॉफ्टवेअर भरतं ना?" संगणकवाले सर म्हणाले. भरतं. जॅकार्डची सॉफ्टवेअरं जुनी आहेत आणि उत्तम आहेत. कोणत्या रंगाच्या जागी कोणती वीण घालायची हे तुम्ही सांगितलंत, की चौकोन ती क्षणात भरतात. सांगणारी माणसं कुठून येणार? ज्या मुलीने ४८ बाय ३६ चा छोटा ग्राफ, म्हणजे १,७२८ चौकोन, एकदा तरी हाताने भरलाय, तिला तरंगणारा धागा पडद्यावर दिसतो. बाकीच्यांना तो ग्राहकाने साडी परत आणल्यावर दिसतो.

यात गंमत अशी, की प्रत्येक पाऊल आधी ठरवून देण्याची ही युक्ती संगणकाने मागाकडूनच घेतली. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी माग चालवला. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तेच पुठ्ठे उचलले. त्याच्या घरी जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक व्यक्तिचित्र होतं. १८३९ मध्ये ल्योंत विणलेलं, आणि इतकं बारीक की बघणाऱ्याला ते छापील वाटे. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. मूळ रंगवलेलं चित्र तयारच होतं बरं का! चित्रापासून कापडापर्यंतच्या वाटेवर ते २४,००० पुठ्ठे पडले. एआयने ही वाट कमी केलेली नाही, वाटेच्या अलीकडचं चित्र स्वस्त केलंय.

वर्गात मी मुलींना फोनवरच्या एआयकडे "पैठणीतला बांगडी मोर" मागायला सांगितला. एकीला बांगड्यांच्या ढिगावर बसलेला मोर मिळाला, तीन-चार जणींना पिसारा फुलवलेले देखणे, गुळगुळीत मोर. पैठणीवरचा मोर असा नसतो. तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच पुढेमागे फिरतो आणि शेजारच्या रंगाशी गुंतवला जातो. आडव्या-उभ्या धाग्यांच्या जाळीत गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच काढावी लागते, म्हणून त्या मोराच्या मानेला बारीक पायऱ्या असतात. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहा, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागावरच्या नकलेच्या पाठीला सुटे धागे दिसतात. येवल्याचा विणकर मोर काढतो तो मागाला जमेल तसा. ती मर्यादाच पुढे शैली झाली. गुळगुळीत मोर काढणाऱ्याला ही मर्यादा कधी भेटलेलीच नाही.

मग आम्ही ती चित्रं घेऊन भिवंडीला यंत्रमागांच्या एका शेडमध्ये गेलो. तिथे मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरमामांनी कानाशी येऊन, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारलं, "ह्याची पाठ दाखव." मुली फोन उलटा करून हसायला लागल्या. मामा हसले नाहीत. नमुना हातात आला की ते आधी उलट बाजू बघतात, मग भिंगाखाली इंचातले धागे मोजतात, मग एक धागा उसवून त्याचा काउंट अजमावतात. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "रीड-पीक काय?" म्हणजे इंचात उभे आणि आडवे धागे किती. त्याचंही उत्तर फोनमध्ये नव्हतं.

शिवणाच्या वर्गात तीच गत. एआयने दाखवलेल्या ब्लाउजला मागची बाजू नसते. टक कुठे संपतो, मुंढ्याचा घेर आणि बाहीची गोलाई जुळते का, तुकडा उभ्या धाग्यावर कापायचा की उरेब, शिलाईला किती माया सोडायची, यातलं काहीही चित्रातून कळत नाही. दोन बटणपट्ट्यांचं एक जाकीट एका मुलीने एआयकडून आणलं होतं. दोन्हींवर बटणंच होती, काजं एकीवरही नव्हती.

आता उरलेल्या गैरसमजांकडे.

"फोटो दाखवला की एआय कापड ओळखतं." अंदाज सांगतं, ओळखत नाही. सुती आणि व्हिस्कोस जाळले तरी दोन्हींना जळक्या कागदाचाच वास येतो, कारण दोन्ही सेल्युलोजच. त्यांच्यातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो: कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा, व्हिस्कोसवर लांबीने रेघा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. नायलॉन तीव्र फॉर्मिक आम्लात विरघळतं, पॉलिस्टर विरघळत नाही. यातली एकही गोष्ट फोटोत उतरत नाही.

"मुलीने एआयकडून लिहून घेतलं, तर डिटेक्टर पकडतो." हा गैरसमज शिक्षकांचा आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. ओपनएआयने स्वतःचा असा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला. कंपनीच्याच आकडेवारीनुसार तो एआयने लिहिलेल्यातलं २६ टक्केच ओळखत होता आणि माणसांनी लिहिलेल्यातलं ९ टक्के एआयचं ठरवत होता. जुलैत त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले, आणि ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. मराठी माध्यमातून आलेली माझी विद्यार्थिनी साधी, ठरावीक शब्दांची इंग्रजी वाक्यं लिहिते. यंत्राला संशय येतो तो नेमका अशाच वाक्यांचा. नुसत्या डिटेक्टरच्या आकड्यावर तिचा प्रकल्प नाकारणं हा अन्याय आहे.

"साम्य आठच टक्के आलं, म्हणजे तिचंच लेखन." विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही हे खरं, पण साम्य-तपासणी जुन्या मजकुराशी जुळणी बघते. एआयचं वाक्य सहसा कुठून जसंच्या तसं उतरवलेलं नसतं, त्यामुळे ते सहज पार होतं.

"मी एआयकडून काढलेलं प्रिंट माझ्या मालकीचं." आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. त्यावर निश्चिंत होण्याआधी त्याच कायद्याचं कलम १५(२) वाचा. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक पद्धतीने त्याच्या ५० हून जास्त वस्तू काढल्या, की कॉपीराइट संपतो. छपाईच्या कारखान्यात ५० ओढण्या व्हायला चहाची सुट्टीसुद्धा मध्ये येत नाही. हे प्रिंट माणसाने काढलेलं असलं तरी लागू आहे, आणि वस्त्राच्या अभ्यासक्रमात ते मुळातच शिकवायला हवं.

"निफ्टमध्ये एआय आलं, तुम्ही मागे." निफ्टचं, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं, व्हिजनएक्स्ट हे एआय-साधन सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. ते फॅशनचा कल वर्तवण्यासाठी आहे. आहे त्या कपड्यांत काय वाढतंय हे बघणं वेगळं आणि नवीन चित्र काढणं वेगळं.

आणि उलट टोकाचा गैरसमज, माझ्याच वयाच्या सहकाऱ्यांचा: एआय वापरणं म्हणजे फसवणूक, वर्गातून हद्दपार करा. मी नाही करत. 'डेंटिंग ऑर्डर' म्हणजे काय, हे रात्री अकरा वाजता मराठीत विचारण्याची सोय माझ्या विद्यार्थिनींना पूर्वी नव्हती. तोंडी परीक्षेच्या सरावालाही ते बरं आहे. फक्त ते चुकतं, आणि चुकताना त्याचा आवाज जराही कापत नाही. एकीला त्याने सांगितलं, की ४० काउंटचा सुती धागा २० काउंटपेक्षा जाड असतो. आकडा मोठा म्हणून धागा जाड! डेनियर या मापात तसं असतं. सुती काउंटमध्ये ४० म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लडी, म्हणजे ३३,६०० यार्ड धागा. तेवढ्याच वजनात लांबी दुप्पट, तर धागा बारीकच असणार. तिने दोन्ही धागे तराजूवर ठेवून मला दाखवलं, मी काही न सांगता.

त्या दिवसापासून प्रकल्पाची रचना बदलली. चित्र एआयकडून आणा, हरकत नाही, त्याला ५ गुण. त्याचा ग्राफ १५ गुणांना, हातमागावर विणलेला नमुना २० गुणांना. आणि शेवटचे १० गुण एका पानाला: एआयने काय चुकीचं सांगितलं आणि ते तुम्ही कशाने पडताळलं, भिंगाने, तराजूने, जाळून की आम्लात टाकून. जर्नलमध्ये मी त्यासाठी एकच पान ठेवलं होतं. यंदा बहुतेकींनी पुरवण्या जोडल्या, म्हणून पुढच्या तुकडीला वेगळी वही आणायला सांगणार आहे.