क्रूझ निवडताना : ‘प्रीमियम’ची पाटी आणि आतले जहाज

विदर्भातल्या साकोलीमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ पश्चिमेला सुरतजवळच्या हजिऱ्यापासून निघतो आणि पूर्वेला ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत पोहोचतो. दोन टोकांना दोन समुद्र आणि साकोली दोन्हींपासून साधारण सारखीच लांब. तरीही धान घरात आले, दिवाळीची सुट्टी जवळ आली की इथल्या मोबाइलवरही क्रूझच्या जाहिराती फिरू लागतात. मुंबई–गोवा दोन रात्री, सिंगापूर चार रात्री, भूमध्य समुद्र सात रात्री. प्रत्येकीवर ‘प्रीमियम’, ‘लक्झरी’, ‘फाइव्ह स्टार’ यांपैकी एक शब्द हमखास असतो.

या शब्दांना कोणाचाही शिक्का नाही. भारतात हॉटेलांना तारे देण्यासाठी पर्यटन मंत्रालयाची पद्धत आहे, तपासणी आहे. जहाजांच्या बाबतीत जगभर मानली जाणारी अशी सरकारी पद्धत नाही. ब्रिटिश लेखक डग्लस वॉर्ड यांनी बर्लिट्झ मार्गदर्शिकेतून अनेक वर्षे जहाजांना गुण दिले, पण ते एका जाणकाराचे मत होते. जाहिरातीतले पाच तारे बहुतेक वेळा कंपनीने स्वतःच लावलेले असतात. म्हणून अनुभवी प्रवासी पाटी बाजूला ठेवून दुसरेच आकडे विचारतो.

त्यातला पहिला आकडा ग्रॉस टनेजचा, आणि सर्वांत जुना गैरसमज याच आकड्याभोवती आहे. ‘अमुक टनांचे जहाज’ म्हटले की ऐकणाऱ्याला वजन वाटते. प्रत्यक्षात ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप. जहाज किती जड आहे हे त्यावरून कळत नाही, ते किती प्रशस्त आहे हे कळते. आणि तेही प्रवाशांच्या संख्येने भागल्यावरच.

दोन खरी जहाजे घेऊ. कॉर्डेलिया क्रूझेस या भारतीय कंपनीचे ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटू लागले. त्याचे टनेज ४८,५६३. म्हणजे १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकपेक्षा (४६,३२८) ते थोडे मोठेच आहे, अर्थात तेव्हाची मोजणी जराशी वेगळी होती. दुसरे जहाज वायकिंग कंपनीचे ‘वायकिंग स्टार’. ते २०१५ साली दाखल झाले आणि त्याचे टनेज ४७,८४२. दोन्ही जवळपास एकाच मापाची. पण वायकिंग स्टारवर ९३० प्रवासी असतात, तर एम्प्रेसवर एका खोलीत दोघे असे धरले तरी सोळाशे ते अठराशे. एका प्रवाशाच्या वाट्याला तिकडे ५१ टनांची जागा येते, इकडे २७ ते ३०. एकाच मंगल कार्यालयात पाचशे पाने उठणे आणि नऊशे पाने उठणे यात जो फरक, तोच इथे. जेवणाच्या रांगेत, पोहण्याच्या तलावाभोवतीच्या खुर्च्यांवर, लिफ्टसमोर तो रोज जाणवतो.

याचा अर्थ एम्प्रेस वाईट असा मात्र काढू नये. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने तयार झाले, आणि मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी आखले गेले. लोक खोलीत फक्त झोपायला येतील असे गृहीत धरून खोल्या लहान ठेवल्या. तीस-पस्तीस वर्षांनंतर मुंबई–गोवा मार्गावरही ते नेमके तेच काम करते आहे. चूक होते ती तीन-चार रात्रींसाठी बांधलेल्या जहाजाची तुलना दोन आठवड्यांसाठी बांधलेल्या जहाजाशी करण्यात.

आता ‘प्रीमियम म्हणजे ऐसपैस’ या समजुतीकडे वळू. क्रूझच्या व्यवसायात ढोबळमानाने तीन पायऱ्या मानतात. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, एमएससी, कोस्टा या सर्वसाधारण. सेलिब्रिटी, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका या प्रीमियम. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न या लक्झरी. ओशेनिया, वायकिंग यांच्यासारख्या काही कंपन्या वरच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. मधल्या पायरीवर खालच्यापेक्षा पुष्कळ मोकळी जागा मिळत असेल असे कोणालाही वाटेल. पण हिशेब काही वेगळेच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज २,४८,६६३ आणि खोलीत दोघे या हिशेबाने प्रवासी ५,६१०. माणशी ४४. ‘सेलिब्रिटी एज’चे टनेज १ लाख ३० हजारांच्या आसपास आणि प्रवासी सुमारे २,९००. माणशी ४५. फरक जवळजवळ नाहीच!

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः सोबतच्या माणसांचे आणि शांततेचे. आयकॉनवर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, लहान मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि शाळांच्या सुट्टीत खोलीत दोघांऐवजी चौघे आले की प्रवासी साडेसात हजारांवर जाऊ शकतात. सेलिब्रिटीवर घसरगुंड्या नाहीत, मुले कमी दिसतात, रोजचे जेवण अधिक निगुतीने केलेले असते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने केवळ ‘वरचा दर्जा’ म्हणून सेलिब्रिटी निवडले तर मुले तिसऱ्या दिवशी कंटाळतील. त्यांच्यासाठी सर्वसाधारण पायरीवरचे जहाज जास्त चांगले, हे बेलाशक सांगता येते. वायकिंगच्या जहाजांवर तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही आणि कॅसिनोही नाही.

जागेचा आणि सेवेचा खरा फरक दिसतो तो तिसऱ्या पायरीवर. रीजंटच्या ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’चे टनेज ५५ हजारांच्या घरात, प्रवासी साधारण ७५० आणि त्यांच्या दिमतीला साडेपाचशेच्या आसपास कर्मचारी. माणशी ७० टनांहून जास्त जागा. भाडेही त्याप्रमाणे वाढते.

पायऱ्यांच्या या चित्रात मालकी गुंतलेली आहे. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, सीबोर्न आणि कोस्टा या सगळ्या एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या. सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी रॉयल कॅरिबियन समूहाच्या. ओशेनिया आणि रीजंट नॉर्वेजियनच्या. शिवाय एकाच जहाजाच्या पोटात दोन वर्ग असतात. नॉर्वेजियनच्या मोठ्या जहाजांवर ‘द हेवन’, एमएससीच्या अनेक जहाजांवर ‘यॉट क्लब’ असा कुलूपबंद भाग असतो. त्याची बैठक वेगळी, जेवण वेगळे, नोकरवर्ग वेगळा. क्युनार्डवर तर कोणत्या भोजनगृहात बसायचे हे खोलीच्या श्रेणीवरून ठरते. त्यामुळे ‘क्युनार्डने गेलो होतो’ एवढ्यावरून त्या माणसाला काय मिळाले हे समजत नाही.

नाव नवे म्हणजे जहाज नवे, हाही एक भाबडा समज. एम्प्रेसचे मूळ नाव वर येऊन गेलेच. मध्ये त्याचे नाव ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ही होते. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने मुंबईहून सुरू केलेले ‘कर्णिका’ही नवे नव्हते. १९९० साली इटलीत ते ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून जन्मले होते, आणि त्याचा डॉल्फिनच्या कपाळासारखा दर्शनी भाग रेन्झो पियानो या विख्यात वास्तुरचनाकाराच्या कल्पनेतला होता. करोनाने जलेशचा व्यवसाय बुडवला आणि २०२० च्या नोव्हेंबरात कर्णिका गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाले. मुंबईच्या समुद्राने पाहिलेल्या एका देखण्या जहाजाचा हा शेवट चटका लावणारा आहे.

वय जास्त म्हणून जहाज टाकाऊ ठरत नाही. क्युनार्डचे ‘क्वीन मेरी २’ हेही सेंट-नाझेरचेच, २००४ पासून चालते आहे आणि आजही अटलांटिक ओलांडून साउथॅम्प्टन–न्यूयॉर्क नियमित जाते. शेवटची मोठी डागडुजी केव्हा झाली, हे बांधणीच्या सालापेक्षा महत्त्वाचे.

आता पैशाकडे. ‘सगळे समाविष्ट’ या दोन शब्दांनी जितके प्रवासी फसतात, तितके दुसऱ्या कशानेही फसत नसतील. सर्वसाधारण आणि प्रीमियम पायरीवर भाड्यात खोली, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि करमणूक येते. दारू, शीतपेये, इंटरनेट, खास उपाहारगृहे आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. त्यात कर्मचाऱ्यांची टिप. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत ती माणशी रोज साडेअठरा डॉलरच्या आसपास आपोआप खात्यावर चढते. सात रात्रींचे दोघांचे अडीचशे डॉलरहून जास्त झाले. भाडे नेहमी माणशी आणि खोलीत दोघे धरून छापलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला कित्येकदा जवळपास दोघांचे भाडे भरावे लागते. उलट वायकिंगच्या भाड्यात इंटरनेट, जेवणासोबतची वाइन-बिअर आणि प्रत्येक बंदरावर एक सहल धरलेली असते, आणि रीजंटमध्ये बहुतेक सहली, पेये, टिप सगळेच. स्वस्त तिकिटात हे सारे मिळवून पाहिले की दोन जहाजांमधले अंतर जाहिरातीत दिसते त्याहून बरेच कमी निघते.

मोठ्या जहाजाची आणखी एक अडचण कोणी आधी सांगत नाही. ते सगळीकडे जाऊ शकत नाही. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनेजहून मोठ्या जहाजांना शहराच्या गाभ्यातल्या जुदेक्का कालव्यात येण्यास बंदी केली. ग्रीसच्या सँटोरिनीला जहाज समुद्रातच उभे राहते आणि माणसे लहान बोटींतून किनाऱ्यावर जातात. आपल्या लक्षद्वीपलाही तसेच. समुद्र खवळला तर बोटी सुटत नाहीत आणि बेट दुरूनच पाहावे लागते.

समुद्र खवळण्यावरून बोट लागण्याची भीती निघते. साकोलीच्या माणसाला नवेगाव बांधच्या तलावाची ओळख असते, अरबी समुद्राची नसते. त्यामुळे ही भीती खरी आहे. पण आधुनिक जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, ते डुलणे बरेच आवरतात. शिवाय जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. सर्वांत महागड्या, वरच्या टोकाच्या खोल्यांना जास्त हेलकावे बसतात. पावसाळ्यात अरबी समुद्र अवघड होतो. म्हणूनच मुंबईचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो, आणि कॉर्डेलियाने २०२३ च्या जूनपासून पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या.

शाकाहारी माणसाची जहाजावर उपासमार होते, हे आता राहिलेले नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’सारख्या जहाजांवर जैन जेवणही मिळते, फक्त ते तिकीट काढतानाच नोंदवावे. शिवाय जगभरच्या जहाजांवर गोव्याचे आणि मुंबईकडचे खलाशी, वेटर, स्वयंपाकी मोठ्या संख्येने आहेत. युरोपच्या समुद्रात अचानक कोकणी-मराठी कानावर पडणे हा दुर्मीळ योग नाही.

सुरक्षेबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एका बाजूला ‘टायटॅनिक होईल’ ही धास्ती, दुसऱ्या बाजूला ‘बचावाची कवायत म्हणजे वेळेचा अपव्यय’ हा निष्काळजीपणा. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्यात मुंबईकडचा एक तरुण वेटर होता. त्याचा देह नोव्हेंबर २०१४ मध्ये, सर्वांत शेवटी सापडला. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत बंधनकारक झाली. आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत प्रत्यक्ष चालत जाऊन यायला पाच-दहा मिनिटे लागतात. ती जरूर द्यावीत.

विदर्भातल्या प्रवाशाने सर्वांत काटेकोर राहावे ते वेळेच्या बाबतीत. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी दारे बंद होतात आणि उशिरा आलेल्यासाठी जहाज थांबत नाही. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचते आणि जहाज जिथून सुटते तो बॅलार्ड पिअर धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळच आहे, हे खरे. तरी एक दिवस आधी पोहोचून मुंबईत मुक्काम करणे शहाणपणाचे. देशातल्या देशात फिरणाऱ्या क्रूझला पासपोर्ट लागत नाही, आधारसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. परदेशी मार्गावर मात्र व्हिसाचा प्रश्न जहाज कुठे-कुठे थांबते त्यावर ठरतो. युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन गटातल्या देशातून निघून मध्ये तुर्कस्तानला जाऊन पुन्हा शेंगेन देशात परतायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा उपयोगाचा नाही आणि तुर्कस्तानची अटही वेगळी पाहावी लागते.

पहिल्याच खेपेला कोणी सल्ला मागितला, तर भूमध्य समुद्राची सात रात्रींची प्रीमियम सहल सुचवू नये. मुंबई–गोव्याच्या दोन रात्री, दिवाळी आणि नाताळ टाळून, जानेवारी-फेब्रुवारीत. खालच्या मजल्यावरची, मध्यभागाजवळची, जमल्यास खिडकीची खोली. समुद्र आवडतो की नाही, गर्दी सोसते की नाही, आणि दिवसभर जहाजावर करमते की नाही, हे तेवढ्यात कळते. गर्दी सोसली नाही तर पुढच्या वेळी नऊशे प्रवाशांचे जहाज पाहावे. सोसली, तर सिंगापूरचे मोठे जहाज निम्म्याहून कमी पैशांत हवे ते देईल.